छातीवर दोन बोटं

सुरुवात माझ्या वेंधळेपणापासूनच करतो. ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा व्हिडिओ मी सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकला. शनिवारी दुपारी, मुलुंडच्या घरी, जेवण करून डुलक्या काढता काढता. असल्या अनुभवांचे लेख मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो... आता तुम्ही हसा.

मी अंधेरीत एका जाहिरात कंपनीत आहे. वय त्रेपन्न. ऑफिसात माझ्या वयाचं दुसरं काही असेल तर ती लिफ्ट. पूर्वी मैदानावर जाऊन शूटिंग करायचो. आता खुर्चीत बसून एआयला काय हवं ते लिहून द्यायचं, की तो आठ सेकंदांचा तुकडा बनवून देतो. एका एनर्जी ड्रिंकसाठी कबड्डीची जाहिरात होती, 'इमोशनल' हवी म्हणे. शेवटचा शॉट साधा — चढाई करून परतलेला खेळाडू दोन्ही हात उंचावून प्रेक्षकांकडे बघतो.

पण तो काही हात उंचावेना. समोरचे गडी शिवून मध्यरेषा ओलांडून यायचा, डावीकडे वळायचा आणि किंचित वाकून दोन बोटांनी छातीवर टकटक करायचा. मी शब्द बदलले, मैदान बदललं, चेहरा बदलला. चौदा-पंधरा तुकडे केले. जवळजवळ सगळ्यांत तेच.

आमची टीम लीड, माझ्या मुलीच्या वयाची, म्हणाली, "सर, ह्याला छातीत कळ आलीये का? सोमवारी क्लायंट बघणारे. नाही जमलं तर तुम्ही राहू द्या."

'राहू द्या'चा अर्थ मला कळतो. माझ्याआधी दोघांना हेच सांगितलं होतं. महिन्याभरात त्यांची टेबलं रिकामी झाली.

तर त्यातलाच एक तुकडा चुकून सासुरवाडीला गेला. डिलीट केला, पण तोवर विक्रोळीहून सासूबाईंचा फोन आलाच. ऐंशी पार केलेल्या, मूळच्या कणकवलीकडच्या.

"जावयबापू, ह्यो बाबू तुमका खंय गावलो?"

बाबू म्हणजे नीलमचा, माझ्या बायकोचा, मोठा भाऊ. कबड्डी खेळायचा. आमचं लग्न ठरायच्या आधीच काविळीने गेला. मी त्याला कधी पाहिलेला नाही. खेळतानाचा एक फोटोसुद्धा घरात नाही.

मी समजावलं की आई, हा कॉम्प्युटरने बनवलेला माणूस आहे, असा कोणी नाहीच.

"तोंड तेचा नाय," त्या म्हणाल्या, "पण तोच तो."

मग त्यांनी सांगितलं. बाबू चढाईला गेला की त्यांना बघवायचं नाही, त्या डोळे मिटून बसायच्या. बायका बसत त्या पायऱ्या मैदानाच्या डाव्या अंगाला. शिट्टी वाजल्यावर त्यांनी डोळे उघडले की बाबू तिकडे वळून, जेवढे गडी बाद केले तेवढ्या वेळा छातीवर टकटक करायचा. ही आम्हा दोघांतली खूण, दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही, म्हणाल्या.

फोन ठेवून मी सगळे तुकडे पुन्हा लावले. दोन गडी बाद, तिथे दोनदा. तीन, तिथे तीनदा. एकात कोणालाच हात लागला नव्हता... त्यात तो मान खाली घालून तसाच निघून गेला होता. हाताला बोटं पाच की सहा हे ज्याला धड कळत नाही, त्या एआयचं हे मोजणं एकदाही चुकलं नव्हतं.

नीलमने कधीतरी सांगितलं असेल आणि मी पेपरात डोकं खुपसून 'हूं' केलं असेल, असंही मनाला सांगून पाहिलं. पण मी तर लिहून देत होतो भलतंच! मग हे आलं कुठून? उत्तर शोधायचा आता कंटाळा आलाय.

रविवारी मी तो शॉट, बोटं छातीला लागायच्या आधीच कापला आणि पुढे गर्दीचा जल्लोष जोडला. सासूबाईंना मात्र न कापलेला पाठवला. सोमवारी क्लायंट खूश, माझी नोकरी शाबूत.

नीलमला दोन दिवस काही बोललो नव्हतो, भावाचा विषय ती काढत नाही. सोमवारी संध्याकाळी ती लसूण सोलत बसली होती, तेव्हा सगळं सांगितलं — आई काय म्हणाल्या तेही, आणि मी कापलं तेही. तिने हात पुसून तो मूळ तुकडा दोनदा पाहिला.

"बरं केलंस कापलंस," म्हणाली, आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "मी आईच्या शेजारीच बसायचे रे. इतकी वर्षं मला वाटत होतं, तो मला दाखवायचा."