खंदारे सरांची दोन पानं

एखाद्या माणसावर लिहायला लिहिणाऱ्याची काही पात्रता असावी लागते, असं मला वाटतं. माझी तशी काही नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आजवर मी परीक्षेच्या पेपराशिवाय सलग चार पानं कधी लिहिलेली नाहीत. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं ते खंदारे सर मला विचारतील, "कुनी सांगितलं व्हतं?" कुणीही सांगितलेलं नाही. चुकलं तर माफ करावं.

खंदारे सर आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत होते. आम्ही त्यांना सर म्हणत असू, पण ते प्राध्यापक नव्हते. ते क्लार्क नव्हते, शिपाईही नव्हते. त्यांना दर वर्षी अकरा महिन्यांची ऑर्डर मिळे, मग एक महिन्याचा खंड पडे आणि परत ऑर्डर येई. हे तेरा वर्षं चाललं होतं. खंडाच्या महिन्यात ते कागदोपत्री कॉलेजचे कुणीच नसत. पण प्रवेश नेमके त्याच महिन्यात सुरू होत आणि सगळे पासवर्ड सरांनाच माहीत. म्हणून त्या महिन्यात ते गेटवरच्या वहीत रोज पाहुणे म्हणून सही करत आणि आत येऊन दिवसभर काम करत. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात ते 'सदिच्छा भेट' असं लिहीत. कायम होणं ही एकच गोष्ट त्यांना आयुष्यात हवी होती, आणि ती प्रत्येक वर्षी पुढच्या वर्षी होणार असे.

त्यांची पहिली भेट मी विसरणार नाही. ओळखपत्राच्या फोटोसाठी मी प्रयोगशाळेत गेलो होतो. सरांनी नाव विचारलं नाही. हात पुढे करून म्हणाले, "नाव मागून सांग. आधी मोबाईल दाखीव."

मला तो दाखवायची लाज वाटत होती. माझे वडील येलदरीच्या धरणात मासेमारी करतात. तो मोबाईल चार वर्षं त्यांच्याबरोबर होडीत होता. काच तडकलेली, मागचं झाकण रबर लावून धरलेलं, आणि कितीही पुसला तरी त्याला मासळीचा वास येई. सरांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे तो तूच व्हय? आरं, चार दिवस झाले तुला हुडकायलोय."

मी घाबरलो. मी काय केलं होतं ते मला कळेना. सरांनी मला संगणकापाशी बसवलं आणि पडद्यावरच्या बारीक अक्षरांच्या ओळी दाखवल्या. कॉलेजच्या वेबसाइटवर कोण आलं, किती वाजता आलं, याची ती नोंद होती. "हे बघ. सोमवारी तीनदा आलास अन् तीनदा पान उघडायच्या आधीच परत गेलास. असला जुना मोबाईल पुऱ्या कॉलेजात दुसरा कुनाचा न्हाई. मला वाटलं, असंल कुनीतरी गरजवंत."

मग त्यांनी मला जे सांगितलं, ते पुढे पुस्तकात मी चार वेगवेगळ्या व्याख्यांमध्ये वाचलं. पण समजलं होतं ते त्या दिवशीच.

"तुझा मोबाईल पान मागायला सर्व्हरकडं जातो, तवा आधी एक ओळ म्हनतो. मी अमक्या कंपनीचा, अमका मोबाईल, माझ्यात अमका ब्राउझर. लग्नात मांडवाच्या दारात इचारतेत ना, पाव्हणं कोन्या गावचं? तसंच. गाव ऐकलं की यजमान ठरवतो, ह्याला गादीवर बसवायचं का पंगतीला. सर्व्हरला तुझं तोंड दिसत न्हाई बाबा. तू काय सांगून आलास, तेवढंच त्याला कळतं."

"आणि कुणी खोटं सांगितलं तर?" मी विचारलं.

सर हसले. "सगळेच सांगतेत. ही ओळ वाच." त्यांनी दाखवलेल्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एकाच जुन्या ब्राउझरचं टोपणनाव होतं. एके काळी सर्व्हर फक्त त्यालाच चांगली पानं वाढत. म्हणून नंतर आलेल्या प्रत्येक ब्राउझरने आपलं नाव सांगण्याआधी त्याचं नाव सांगायला सुरुवात केली. आता त्याला कुणी ओळखत नाही, पण नाव सगळे सांगतात. "मोठ्या घरची सोयरीक लावतेत तसं," सर म्हणाले. "लांबची असंना."

त्या संध्याकाळी माझ्या मोबाईलवर कॉलेजचं पान पहिल्यांदा पूर्ण उघडलं. सरांनी ते माझ्यासाठी आणखी हलकं केलं होतं.

आता त्या पानाबद्दल सांगितलं पाहिजे. खरं तर पानं दोन होती. संगणकावरून कुणी आलं तर त्याला जे पान मिळे, त्यावर संस्थेच्या अध्यक्षांचा हार घातलेला मोठा फोटो होता. खाली प्राचार्यांचा त्याहून थोडा लहान फोटो. मग हलणारी चित्रं: बाग, कारंजं, हिरवळ. कारंजाला पाणी कधी आल्याचं आम्हाला आठवत नाही, पण पानावर ते अखंड उडत असे. हे पान अध्यक्षांनी स्वतः सांगून करून घेतलं होतं. ते इतकं जड होतं की आमच्या गावाकडच्या नेटवर उघडायला लावून जेवण करून यावं, तरी ते उघडत नसे.

मोबाईलवरून कुणी आलं, की सर्व्हर ओळख ऐकून दुसरं पान देई. त्यावर एकही फोटो नव्हता. पांढऱ्यावर काळी अक्षरं: परीक्षेचा फॉर्म इथे भरा, उद्या रसायनशास्त्राचा तास नाही, देवगाव फाट्याची बस सव्वाचारला, पिण्याच्या पाण्याची टाकी धुतली आहे. अध्यक्ष आणि प्राचार्य कायम ऑफिसातल्या संगणकावर पाहत आणि समाधानी असत. मुलं कायम मोबाईलवर पाहत आणि त्यांचं काम होई. सहा वर्षं दोन्ही बाजूंना आपलंच पान खरं वाटत होतं. सरांनी कुणाला फसवलं असं मला म्हणता येत नाही. ज्याला जे बघायचं होतं, ते त्याला दिसत होतं.

"साहेबाला साहेबाचं, पोराला पोराचं," सर म्हणत. "वाढप्यानं पान वळखून वाढावं."

मी तिसऱ्या वर्षाला असताना सरांची फाईल खरोखर हलली. संस्थेला काही पदांची मान्यता मिळाली होती, त्यात संगणक प्रयोगशाळेचं एक पद होतं. शिफारशीची यादी त्या महिन्यात जाणार होती आणि तीवर अध्यक्षांची सही लागणार होती. सरांनी इस्त्रीचे शर्ट घालायला सुरुवात केली. त्याच महिन्यात अध्यक्षांचा वाढदिवस होता. सगळ्या स्टाफने मिळून त्यांना टॅब द्यायचं ठरवलं आणि ज्याला त्यातलं कळतं त्याने आणावा म्हणून तो आणायचं काम सरांवर सोपवलं.

सर परभणीला जाऊन तो घेऊन आले. पडदा मोठा, आवाज खणखणीत. दोन दिवस बसून त्यांनी त्यात मराठी अक्षरं घातली, अध्यक्षांच्या नातवाचा फोटो लावला, बातम्या, भजनं, सगळं व्यवस्थित केलं. फक्त एक गोष्ट त्यांनी केली नाही: कॉलेजची वेबसाइट उघडून पाहिली नाही. जो माणूस आमच्यासारख्यांचे फुटके मोबाईल रोज तपासत होता, त्याला एवढ्या चांगल्या यंत्राला काही अडचण येईल असं वाटलंच नाही.

टॅब हा मोबाईलही नाही आणि संगणकही नाही. सहा वर्षांपूर्वी सरांनी सर्व्हरला नियम लिहून दिले तेव्हा आमच्या तालुक्यात टॅब कुणाकडे नव्हता. त्या नियमाप्रमाणे त्याची ओळख मोबाईलशी जुळत होती.

सत्कार कॉलेजच्या मंडपात झाला. अध्यक्षांनी भाषणात संस्थेच्या प्रगतीचा उल्लेख केला आणि शेजारी बसलेल्या पाहुण्यांना म्हणाले, "थांबा, तुम्हाला आमचं कॉलेजच दाखवतो." त्यांनी टॅबवर वेबसाइट उघडली. मी खाली तिसऱ्या रांगेत होतो. पाहुण्यांनी चष्मा लावला आणि माइक चालू आहे हे लक्षात न येता मोठ्याने वाचलं, "पिण्याच्या पाण्याची टाकी धुतली आहे."

मंडप हसला. अध्यक्षांनी टॅब हलवून पाहिला. मग तो बंद केला आणि मांडीवर पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बोनाफाईडवर सही घ्यायला प्राचार्यांच्या खोलीबाहेर उभा होतो. दार उघडं होतं. आत अध्यक्ष, प्राचार्य आणि सर होते.

"खंदारे, माझा फोटो कुठं गेला?"

"गेला न्हाई साहेब. कॉम्प्युटरवर हाय."

"मंग ह्याच्यावर का न्हाई?"

"ते... सर्व्हरला तुमी मोबाईल वाटलात साहेब."

अध्यक्षांनी प्राचार्यांकडे पाहिलं.

"म्हंजे तुमी न्हाई," सर घाईने म्हणाले. "तुमचा टॅब. एक ओळ बदलली की व्हतंय. पाच मिनटाचं काम हाय."

"अन् पोरांला काय दिसतंय?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. पण तेवढ्यात अध्यक्षांनी ड्रायव्हरला हाक मारून त्याचा मोबाईल मागवला आणि स्वतःच पाहिलं. "म्हंजे सहा वर्षं झाले पोरांला मी माहीतच न्हाई."

"नेट कमी असतंय साहेब गावाकडं. तुमचं पान लय मोठं हाय. त्यांच्याकडं येत न्हाई."

"आपल्या संस्थेत भेदभाव चालणार न्हाई," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज भाषणात लागतो तसा लागला होता. "मला एक पान अन् गरिबाच्या लेकराला दुसरं? सगळ्यांला एकच. उद्या सकाळी मला ह्याच्या मोबाईलवर दिसलं पायजे."

प्राचार्य हळू आवाजात म्हणाले, "खंदारे, शनिवारी यादी जायलीय. ध्यानात असू द्या."

तो सोमवार होता. परीक्षेचे फॉर्म शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद होणार होते, आणि आमच्यातले बहुतेक जण फॉर्म मोबाईलवरून त्या साध्या पानावरूनच भरत होते. मोठं पान लावलं असतं तर गावाकडच्या कुणाचाही फॉर्म गेला नसता. हे सरांना माहीत होतं. सर हे अध्यक्षांना सांगायला दोनदा गेले, पण अध्यक्ष भेटले नाहीत, आणि फोनवर ते फक्त फोटोचं विचारत.

मंगळवारी सकाळी ड्रायव्हरच्या मोबाईलवर टाकी धुतल्याचं तसंच होतं. सरांनी फोनवर सांगितलं, "सर्व्हर ऐकंना साहेब." बुधवारी सांगितलं, "लाईट न्हवती." गुरुवारी अध्यक्षांनी फोन घेतला नाही.

मी प्रयोगशाळेत गेलो. म्हणालो, "सर, बदला ना ते. आम्ही इथं येऊन भरू फॉर्म."

"तू येशील रे," सर पडद्याकडे पाहत म्हणाले. "ही बघ, रात्रीपासून एक कुनीतरी चारदा आलीय. निम्मा फॉर्म भरून राहिलाय. पोरगी असंल, घरच्याचा मोबाईल असंल, हातात मिळंल तवा भरत असंल. तिला कुठून बोलावू? मला तिचं नाव बी म्हाईत न्हाई, निस्ता मोबाईल म्हाईत हाय."

"पण यादी?"

"शुक्रवारी सहाला फॉर्म बंद. सहा वाजून पाच मिनटाला मी साहेबाचा फोटो लावतो. फोटो कुठं पळून चाललाय?"

त्यांनी तसंच केलं. शुक्रवारी साडेपाचला त्या अनोळखी मोबाईलवरून फॉर्म पूर्ण झाला. सरांनी मला ती ओळ दाखवली आणि चहा मागवला. सहा वाजून पाच मिनिटांनी सगळ्यांना एकच पान लागलं. संस्थेतला भेदभाव संपला. माझ्या मोबाईलवर त्या रात्री फोटो वरून खाली उतरू लागला आणि मध्येच अडकला. पुढचे दोन दिवस मला अध्यक्षांचं फक्त कपाळ दिसत होतं.

यादी शनिवारी गेली. तीत काय होतं ते कुणी बोललं नाही. सरांना विचारलं तर म्हणत, "गेली ना? मंग झालं." इस्त्रीचे शर्ट मात्र ते घालत राहिले. माझा निकाल लागला, मी पुढच्या शिक्षणासाठी संभाजीनगरला आलो. निघताना पाया पडलो तर पाय मागे घेत म्हणाले, "आता एक बरा मोबाईल घे. तुझ्यापायी अजून जुनं पान ठिवलंय मी लपवून." त्यानंतर मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी माझंच विचारलं, आणि स्वतःबद्दल विचारल्यावर रेंज गेल्यासारखं केलं.

मागच्या आठवड्यात कॉलेजातला एक धाकटा मित्र, विलास, याचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि तो सहज म्हणाला, "दादा, खंदारे सर कायम झाले की."

मी हॉस्टेलच्या जिन्यात उभा होतो, तिथेच खाली बसलो. इतका आनंद मला माझ्या निकालाचाही झाला नव्हता. म्हटलं, "कधी? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"झाले दोन महिने. ऑर्डर आली, सत्कार बी झाला. पर कॉम्प्युटरच्या पदावर न्हाई. तिथं साहेबाचा भाचा लागला. सरांला पहारेकरी म्हणून घेतलं. साहेब सत्कारात म्हनले, खंदारेला आमी वाऱ्यावर सोडलं न्हाई."

मी विचारलं, "मग आता सर गेटवर बसतात?"

"कशाचं गेटवर," विलास म्हणाला. "दिवसभर लॅबमधीच असतेत. भाच्याला शिकवायलेत."