छातीचं माप

पोलीस भरतीचं वेड माझं होतं, धाकट्या भावाचं नव्हतं. तो नुसता सोबतीला यायचा. वडीगोद्रीत हायवेच्या मागं, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये जिम होती. पहाटे एकटं जायला नको म्हणून आईनं त्याला माझ्या मागं लावून दिलेलं. तो डोळे चोळत यायचा, चार जोर मारायचा, थोडं वजन उचलायचा आणि बाकावर बसून पेंगायचा.

वर्षभरात त्याच्या शर्टाची बटणं ताणली जायला लागली. माझे शर्ट मात्र होते तसेच अंगावर लोंबत राहिले.

आई म्हणायची, "तो माझ्या माहेरावर गेला. तू तुझ्या बापावर." वडील आयुष्यभर शेतात राबले, पण त्यांचं मनगट आईच्या मनगटापेक्षा बारीक होतं. माझंही तसंच.

जिमच्या वस्तादांनी एकदा माझं मनगट चिमटीत धरून बघितलं. "हाडच बारीक हाय तुझं. तुला अंग जल्दी येणार न्हाई. पळणं कमी कर, वजन जड घे, अन् खा. खूप खा."

मग मी खायला लागलो. त्याचा असा कंटाळा यायचा की व्यायाम बरा वाटायचा. भूक मेलेली असताना तिसरी भाकरी चावायची, वर केळी, उकडलेली अंडी, भिजवलेले शेंगदाणे. जबडा दुखायचा. समोर बसलेला भाऊ एका भाकरीत उठायचा आणि तरी भरत चालला होता.

मी अर्ज भरला तेव्हा त्यानंही भरला, गंमत म्हणून. जालन्याच्या मैदानावर मी धावलो चांगला. उंचीत बसलो. मग छातीला टेप लागली.

"फुगव," माप घेणारे म्हणाले.

मी श्वास ओढला.

"अजून."

"एवढीच हाय, साहेब."

त्यांनी टेप पुन्हा लावून बघितली. माणूस चांगला होता, घाई केली नाही. बोटभर कमी पडली. मी बाजूला जाऊन शर्ट घालत होतो तेव्हा मागं भावाचा नंबर लागला. त्याला फुगव म्हणायचीही गरज पडली नसती.

परतीच्या एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसलेला. अंबडच्या अलीकडं म्हणाला, "दादा, मला घेतलं तर मी जाऊ नको का?"

"येडा झाला का? बिलकुल जायचं."

"पण तू करून राह्यला होता सगळं. मी तर झोपून राह्यलो होतो."

"मंग आता जागा हो," मी म्हणालो. त्याला हसू आलं नाही. मलाही नाही.

तो लागला. मी त्यानंतरही भरतीला उभा राहिलो आणि मापातच अडकलो. मग वय निघून गेलं. आता मी हायवेवरच पाईप आणि पाण्याच्या मोटारींच्या दुकानात बसतो. जिमला अजून जातो. का जातो, असं बायको अधूनमधून विचारते. अंग आलं थोडं, फार उशिरा, आणि आठवडाभर ताप आला की निम्मं उतरतं. पुन्हा खायचं, पुन्हा उचलायचं.

गेल्या दिवाळीत भाऊ सुट्टीवर आल्ता. नोकरीत पोट सुटलेलं, बंदोबस्तात उभं राहून गुडघे दुखतात म्हणाला. एका सकाळी माझ्याबरोबर जिमला आला. कित्येक वर्षांनी बारखाली झोपला आणि मी रोज उचलतो त्यापेक्षा जड वजन सहज वर नेलं. उठून बसला, दंडाकडं बघितलं आणि ओशाळल्यासारखा म्हणाला, "दादा, हे काय बराबर न्हाई."

पूर्वी हे पाहून मला त्याचा हेवा वाटायचा. त्या दिवशी नुसता थकवा वाटला.

"सरक," मी म्हणालो. त्यानं उठून दोन्हीकडच्या जड प्लेटा उतरवल्या. मी माझ्यापुरत्या लावल्या आणि आडवा झालो.