बादलीवरचा हात

कचऱ्याची बादली रिकामी करायच्या आधी ती तिच्यावर हात ठेवायची. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, उघडा तळवा, क्षणभर. "थांबा, बघू द्या," म्हणायची आणि मग उचलायची.

उमरग्यात आमच्या भागातल्या घंटागाडीवर ती होती आणि मी नगरपरिषदेत स्वच्छतेच्या टेबलावर कारकून. वयानं माझ्याएवढीच असेल, पण गल्लीत सगळे तिला मावशी म्हणत. दिलेले हातमोजे तिच्या कमरेला खोचलेले असत. "ते घातले की काय बी कळत न्हाय, साहेब."

ती यायच्या आधी आम्ही काय काय केलं होतं, ते सांगतो. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, म्हणून भिंती रंगवल्या. भोंग्यावर गाणं लावलं. घरोघर हिरवी आणि निळी बादली फुकट वाटली. हिरवीत लोकांनी ज्वारी भरली, निळीत नळाचं पाणी. दंड करायला गेलं की चहाला बसवायचे. माझ्या घरीही सगळं एकाच बादलीत जायचं, हे कबूल करतो.

मावशी कुणाला ओरडली नाही, कुणाला समजावलं नाही. एकत्र कचरा दिसला की दारातच गोणपाट अंथरायची, बादली उपडी करायची आणि निवडायला बसायची. साली इकडं, पिशव्या तिकडं. मधेच हळू आवाजात काहीतरी बोलायची. एकदा दोन दिवस गाडी बंद होती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींच्या दारात तिनं विचारलं, "वैनी, घरात कोण जेवंना झालंय?"

वहिनी हसल्या. मावशीनं वर्तमानपत्राच्या चार पुड्या ओळीनं मांडल्या. चारींत हात न लागलेला भात, तसंच वरण. दारात उभी असलेली नवी सून झटकन आत गेली. दुपारी तिच्या माहेरी फोन गेला.

पंधरा दिवसांत अख्खी गल्ली ओलं-सुकं वेगळं करायला लागली. आमच्या साहेबांनी त्याचं श्रेय रंगवलेल्या भिंतींना दिलं. मी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या चाचांना विचारलं, "चाचा, पर्यावरणाचं एवढं मनावर घेतलंत?"

"कसलं पर्यावरण!" चाचा आवाज खाली आणून म्हणाले. "हात घातला की तिला सब दिसतंय. वेगळं करून ठेवलं तर बघत न्हाय."

ते खरंच होतं. वेगळं केलेल्या बादलीवर ती नुसता हात ठेवायची आणि पुढं जायची.

एकटे राहणारे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांच्या दोन्ही बादल्या अगदी शिस्तीत असत. तरी एका सकाळी तिचा हात तिथून लवकर निघाला नाही. "गुरुजी, भाचीला बोलवून घ्या आज." गुरुजी चिडले, दार लावून घेतलं. भाची आली ती तिसऱ्या दिवशी, मातीला.

त्यानंतर लोक दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन, वाळवून द्यायला लागले. घंटी वाजली की गल्लीतली बोलणी थांबत. बादली ठेवून बायका दोन पावलं मागं सरत आणि दुसरीकडं बघत.

मग ती आमच्या दारात थांबली. आमचा कचरा आता वेगळा असायचा. बायकोच लक्ष घालायची. मावशीनं हिरव्या बादलीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला.

"साहेब, आईंच्या गोळ्या."

मी बादली उपडी केली. केळीच्या सालीत, चहाच्या चोथ्याखाली आईच्या हृदयाच्या सात गोळ्या होत्या, साठवून एकदम टाकलेल्या. आठवडाभर आम्ही रोज हातावर ठेवत होतो, आई रोज "घेतली" म्हणत होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बादली जड लागली," ती म्हणाली.

सात गोळ्यांचं वजन ते काय असतं! ती पुढच्या दारात गेलीसुद्धा.

संध्याकाळी आईजवळ बसलो. "लई वर्षं झाली रे," आई म्हणाली. "कटाळा आला." बराच वेळ ती माझा हात धरून होती. मग स्वतःच पाण्याचा तांब्या ओढला. "आण गोळी. ती बाई उद्या पुन्ना येतीया."

आई अजून आहे. गोळ्या वेळेवर घेते.

पुढं एकदा गाडी लावायच्या जागी मावशी एकटी दिसली. मी विचारलं, हे सगळं कुठून शिकलात. ती हात धूत होती.

"लेक होती मला," ती म्हणाली. "महिनाभर आपली भाकर चुलीत टाकत होती. राख म्या रोज काढायची, रोज उकिरड्यावर टाकायची. बघितली न्हाय."

तिनं हात पुन्हा धुतले.

एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मी बायपासच्या पलीकडं तिच्या खोलीवर गेलो. घरमालकीण म्हणाली, सोमवारी पहाटे एक पिशवी घेऊन गेली, कुठं ते सांगितलं नाही. तिनं मला खोली उघडून दिली.

आत काहीच नव्हतं. फरशी झाडलेली, कोनाडा पुसलेला. कोपऱ्यात केसाचं गुंतवळ नाही, काडेपेटीची काडी नाही, बिस्किटाचा कागद नाही.

"तीन वर्षं राहिली," मालकीण दारातूनच म्हणाली, "पर तिच्या घरातून कचरा निघालेला म्या कधी बघितला न्हाय."

मी गुडघ्यावर बसून दारामागं पाहिलं, मोरीत पाहिलं.

"काय हुडकायलाव, साहेब?"

मालकीण उंबऱ्याच्या आत पाय ठेवायला तयार नव्हती.