एका वस्तीला एकच मालक

कॉम्प्युटरवरच्या आमच्या खेळाचं नवं अपडेट आलं त्या दिवशी आमच्या गटात बहुतेक सगळे नाचत होते. "लई भारी." "कंपनीनं पहिल्यांदा खेळणाऱ्यांचं ऐकलं." मी एकटीच भडकले होते, आणि मी भडकले की लांबलचक लिहिते. लिहिलं की हा नियम शुद्ध मूर्खपणा आहे, आणि ज्यानं तो काढला त्यानं आयुष्यात कुणाबरोबर मिळून एक भिंतसुद्धा उभी केलेली नसणार. लगेच एकाचं उत्तर आलं, "ताई, निबंध नंतर लिवा, पोळ्या करपतील." मेल्याला माझ्या पोळ्यांची केवढी काळजी!

आमचं शेवगावात कचेरीजवळ टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी नवरा बसतो, दुपारी मी. कचेरीतली माणसं जेवायला उठली की अर्जवालेही पांगतात आणि कॉम्प्युटर माझा होतो. त्यावर मी खेळते. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं बाई कामात आहे, आणि मीही कुणाचा गैरसमज दूर करत नाही.

खेळ असा, की मोठं युद्ध होऊन जग जळून गेलंय. राख आणि गंजकं लोखंड तेवढं उरलंय. त्यात आपण एक माणूस व्हायचं, भंगार गोळा करायचं, पाणी उकळून प्यायचं, लुटारूंशी लढायचं आणि जमलं तर चार भिंती उभ्या करायच्या. खेळ एकदा विकत घेऊन भागत नाही. कंपनी अधूनमधून त्याला नवा भाग जोडते, त्याचे पैसे वेगळे. शिवाय मध्येच फुकटचं अपडेट येतं आणि जुने नियम बदलून जातं. अपडेट आलं की खेळणारे आधी शिव्या देतात आणि मग खेळत बसतात. आमच्या जिल्ह्यातल्या अशा दहा-पंधरा रिकामटेकड्यांचा मोबाईलवर गट आहे. कुणी भिंगारचा, कुणी संगमनेरचा. बाई मी एकटीच.

मला हे वेड लावलं माझ्या धाकट्या भावानं. तो पाथर्डी तालुक्यात, आमच्या गावी, शेती करतो. नगरला कॉलेजात असताना घेतलेला लॅपटॉप त्यानं अजून जपलाय. माझं लग्न होऊन मी इकडं आले तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, फोनवर काय बोलायचं? जेवलीस का, पाऊस हाय का, संपलं. खेळात ये, तासभर संगं राहू." आणि खरंच आम्ही संगं राहिलो. बोलणं सगळं राखेतलं, भंगारातलं, पण त्यातच आईचे गुडघे कसे आहेत ते कळायचं.

मत द्यावं तर त्यानं. पहिला नवा भाग दलदलीचा होता. जिकडंतिकडं पाणी, हिरवंगार, गट नुसता खूश. भावानं लिहिलं, "ह्यात जीव न्हाई. पानी फुकट मिळायला लागलं तर मानूस जगायची धडपड कशापायी करंल?" दुसरा भाग ओसाड गावाचा आला. माणसं गाव सोडून गेलीत, दारांना कुलपं, एखादी म्हातारी तेवढी मागं राहिलीय. बाहेरच्या देशांतल्या खेळणाऱ्यांनी त्याला भरपूर नावं ठेवली. लढाई नाही, कंटाळा येतो, पैसे परत द्या. आमच्या पोरांनीही त्यांचीच री ओढली. तेव्हा भावानं लिहिलं, "कुलपं लावलेलं गाव कंटाळवानं नसतं. दसरा झाल्यावर टोळ्या ऊस तोडायला गेल्या की आमच्या गावात या. मागं राहिलेली म्हातारी दिवसभर काय करती ते बघा. ज्यानं हा भाग केला त्याला मानूस कळतो." मला इतकं भरून आलं की मी ते नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, "सगळं खरं, पण तुझा भाऊ शेतात कधी जातो?"

तर त्या राखेच्या जगात आम्ही दोघांनी मिळून वस्ती बांधली होती. आमच्याकडं गावाबाहेर मळ्यात राहतात त्या घरांना वस्ती म्हणतात, म्हणून तिलाही नुसतं वस्तीच म्हणायचो. भावाला बंदुकांचा सोस. तो लांब भटकायचा, लढून सामान आणायचा आणि ढीग टाकून पुन्हा पसार व्हायचा. बांधायची मी. विहिरीवर पंप मी बसवला, भोवती पत्र्याचं कुंपण घातलं, पाणी गाळायची टाकी केली. एक वाळलेलं झाड होतं, त्याला पार बांधला. खेळात पाराचा काही उपयोग नाही, त्यावर कुणी बसतसुद्धा नाही. पण झाड आहे आणि पार नाही हे मला बघवेना. भाऊ हसला होता, मग दगड मात्र त्यानंच आणून दिले. ती दुपार माझ्या आयुष्यातली फार सुखाची दुपार होती, खोटं कशाला सांगू!

आणि मग हे अपडेट आलं. आजवर वस्ती बांधणाऱ्या सगळ्यांची असायची. आता नियम आला, एका वस्तीला एकच मालक. मिळून बांधलेली असेल तर एक सोडून बाकीच्यांनी हक्क सोडायचा. खेळ उघडला की समोर चौकट यायची, खाली दोन बटणं: हक्क सोडतो, हक्क ठेवतो. महिनाभराची मुदत. तेवढ्यात ठरलं नाही तर वस्ती मोडून टाकणार आणि तिचं भंगार सारखं वाटून देणार.

गटात मतांचा पाऊस पडला. भिंगारचा म्हणाला, आता चोऱ्या थांबतील, जबाबदार एक माणूस पाहिजेच. संगमनेरचा म्हणाला, कंपनीला खर्च वाचवायचाय, बाकी काही नाही. एकानं लिहिलं, जो जास्त लढतो त्याची वस्ती, साधी गोष्ट आहे. मी विचारलं, आणि जो बांधतो त्याचं काय? तर म्हणे, बांधणं काय, कुणीही बांधतं. त्यावरच मी तो निबंध लिहिला होता. एक गोष्ट मला खटकली. एरवी प्रत्येक अपडेटवर पहिलं मत माझ्या भावाचं असायचं. ह्या वेळी तो गप्प होता.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"ताई, ती चौकट आली का तुला?"

"आली."

"मग दाब की, सोडते म्हनून."

"का बरं?"

"का म्हंजे? माझ्या नावावर राहू दे. तू काय, कवाबी ये. तुला कोन न्हाई म्हनतंय? तुझंच हाय ते."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. ह्याच आवाजात, ह्याच शब्दांत.

आमचे वडील गेले, त्याच्या पुढच्या वर्षी जमिनीवर नावं लावायची वेळ आली. बापाच्या जमिनीत लेकीचाही हिस्सा असतो, पण आमच्याकडं लेक तो घेत नाही. घेतला तर माहेर तुटतं. आई म्हणाली होती, "पोरी, तुला भावाच्याच दारात यायचंय." आणि भाऊ म्हणाला होता, "कवाबी ये, तुझंच हाय ते." मग हक्कसोडपत्र करायचं ठरलं. ते टाइप कुणी केलं? मीच केलं. दुसरीकडं कशाला जायचं, घरचंच दुकान! असली पत्रं मी आठवड्याला टाइप करते. "राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय" ही ओळ माझी बोटं न बघता मारतात. आयाबाया समोर बाकावर बसलेल्या असतात, पदराशी चाळा करत. एकीला मी विचारलं होतं, बाई, खरंच राजीखुशीनं ना? ती म्हणाली, "तसं लिवायचंच असतंय ना?" माझ्या वेळी मला तेवढंही कुणी विचारलं नाही. सही केली, नवी साडी नेसले, पुरणपोळी जेवून शेवगावच्या एसटीत बसले. मला वाईट वाटलं होतं का? वाटलं होतं. लई वाटलं होतं. पण बोलायची जागाच नव्हती, त्या कागदावर एकच सही असते.

इथं दोन बटणं होती.

मी म्हणाले, "तूच सोड की. माझ्या नावावर राहू दे. तू कवाबी ये."

तो हसला. "चेष्टा करती का?"

"न्हाई. विहीर माझी, टाकी माझी, कुंपण माझं. तू सोड."

"मी कसा सोडू? वस्ती माझी हाय ती!"

"कशावरून?"

एवढ्या मतांचा माणूस, पण नुसतं "तुला कुनीतरी शिकवलंय," म्हणाला आणि फोन ठेवला. बाईच्या डोक्यात काही आलं की ते दुसऱ्यानंच घातलेलं असतं, हे ठरलेलंच.

मग आईचा फोन. "अगं, एवढ्याशा खेळापायी भावाचं मन मोडती व्हय?"

"एवढाच खेळ हाय तर तो तुला फोन करायला का लावतोय? त्याला विचार."

"पोरानं दोन घास नीट खाल्लं न्हाईत."

"मी पन न्हाई खाल्लं आई. माझं कुनी विचारलं?"

तिचं तरी काय चुकलं म्हणू? तिनंही कधीकाळी तिच्या भावासाठी अशीच सही केलीय.

नवरा म्हणाला, "सोडून टाक. खेळच तर आहे."

"हेच त्याला सांगा ना, फोन लावून देते."

"मला नको मधे घालू बाई," म्हणून तो झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद भरायला लागला.

महिनाभर रोज दुपारी ती चौकट समोर यायची आणि मी रोज ठेवते म्हणायचे. त्यानंतर वस्तीत जायचे. तोही तिथं असायचा. तो कुंपणाच्या एका कोपऱ्यात बंदुका लावत बसायचा, मी टाकीपाशी. आधी एकमेकांना हात करायचो, आता तेही नाही. एकदा मी लिहिलं, "दोघं मिळून कंपनीला पत्र लिहू, नियम बदला म्हणून. तुझ्यासारखं लिहिणारं कुणी नाही." त्यानं वाचलं. उत्तर दिलं नाही. कंपनीचा नियम त्याला चुकीचा वाटतच नव्हता, तर तो पत्र काय लिहिणार? मला त्या दिवशी पहिल्यांदा त्याची शिसारी आली. धाकट्या भावाची, ज्याला कडेवर घेऊन मी हिंडले, त्याची शिसारी यावी आणि ती लपवताही येऊ नये, हे फार वाईट असतं.

दिवाळीच्या तोंडावर मुदत संपली. मी खेळ उघडला तर नुसता ओसाड माळ. विहीर नाही, टाकी नाही, वाळलेलं झाड तेवढं राहिलं होतं, कारण ते कंपनीचं. माझ्या पेटीत निम्मं भंगार आलं होतं. मी दुकानातच रडले. एक म्हातारे बाबा उताऱ्याची झेरॉक्स घ्यायला आले होते, ते म्हणाले, "काय झालं, पोरी?" काय सांगू त्यांना? डोळ्यांत कचरा गेलाय म्हणाले.

त्या दिवशी भावाचा एकच निरोप आला, "झालं का समाधान?" मी लिहिलं, "न्हाई." पुढं बोलणं नाही.

भाऊबीजेला तो दरवर्षी आमच्याकडं येतो. पाऊस असो, एसटीचा संप असो, कुणाच्या जीपला लटकून का होईना, येतोच. ह्या वेळी फोन नव्हता, तरी मी दुपारपासून ताट तयार ठेवलं. निरांजन, कुंकू, सुपारी. करंज्या त्याच्या आवडीच्या, खसखस घातलेल्या. जमीन दिली तेव्हा तो आला होता, खोटी वस्ती दिली नाही म्हणून कसा येणार नाही? असं मी नवऱ्याला म्हणाले, आणि ते खरं वाटून मी सारखी दाराकडं बघत होते. शेवटची एसटी येऊन गेली. दिवस मावळला.

नवरा म्हणाला, "चंद्राला ओवाळून घे आता. कोर बारीक असते, मावळेल लवकर."

"ज्यांना भाऊ नसतो त्या बाया चंद्राला ओवाळतात. मला भाऊ आहे."

तेवढ्यात मोबाईल वाजला. मी धावत गेले, वाटेत गाडी बिघडली असेल, उशिरा निघाला असेल. निरोप माझ्यासाठी नव्हता. गटात भावानं महिन्याभरानं मत दिलं होतं. "नव्या अपडेटबद्दल आधी बोललो न्हाई, पन आता सांगतो. एका वस्तीला एकच मालक, हाच नियम बेस हाय. पुढं कुनाची कटकट राहत न्हाई." त्याच्याखाली एकेक जण "बरोबर", "बरोबर" लिहीत होता.

मी निरांजन पेटवलं आणि ताट घेऊन गच्चीवर गेले.