उंबऱ्याचा बाक

सुतारकाम मला अजिबात येत नाही, म्हणून नानांसाठी बाक मी स्वतःच करायचं ठरवलं.

नाना म्हणजे आमचे वडील. त्यांचे गुडघे गेलेले. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून बजावलं, आणि प्लास्टिकच्या खुर्चीला नाना शिवायला तयार नाहीत. "ती मंडपातली खुर्ची. घरात तिच्यावर बसलं की पाहुणा वाटतंय!"

मोटारसायकल आत घेता यावी म्हणून घराचा जुना उंबरा मीच काढला होता. अस्सल सागवान! रुंदीला कमी पडला, तर चौकटीची फळी जोडली. पाथरीच्या भंगारवाल्याकडून शिलाई मशीनचे जुने बिडाचे पाय आणले. चार दिवस रंधा मारला (निम्मा लाकडावर, निम्मा अंगठ्यावर). पाचव्या दिवशी संध्याकाळी अंगणात बाक उभा!

"नाना, बसा!"

नाना टेकणार, एवढ्यात आई ओरडली, "अवो थांबा! उंबरा हाय तो!"

"आई, आता बाक हाय तो."

"पाय लावले म्हनून काय झालं? चाळीस वर्सं हळदकुंकू वाहिलंय मी. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसतेत का रं?"

"मग सकाळी बसू दे!"

आईनं असं पाहिलं की मी बायकोच्या आडोशाला गेलो. ती बाकावरून हात फिरवायलेली. "इथंच माप ओलांडलं होतं मी," म्हणाली, आणि डोळे पुसून तिनं बाकाला नमस्कार केला! मलाही कडेचा खळगा दिसला. लहानपणी मी तिथं चिंचोके फोडायचो, आणि फटके खायचो. क्षणभर माझेही हात जोडले जाणार होते. पण नाना भिंत धरून उभे होते.

मी अक्कल चालवली. पाय काढले, फळी उलटी केली, पुन्हा जोडले. "आता खालची बाजू वर आली. बसा!"

"अगं बाई, देव पालथा घातला की यानं!"

पुन्हा सुलटी केली. आईनं हळदकुंकू वाहिलं. शुक्रवारी शेजारच्या जनाकाकू नारळ घेऊन आल्या. "आमच्या घरात फरशी बसवली, उंबराच न्हाई राहिला. लय चुकल्यासारखं होतंय बघ." त्यांच्या मागं अख्ख्या गल्लीतल्या बाया!

एवढ्या गर्दीत नाना दिसेनात. शोधलं, तर ते गोठ्यापाशी, करवत चालवताना मी आधाराला घेतलेल्या बाभळीच्या ओंडक्यावर ऐसपैस बसलेले.

"हे मात्र लय बेस केलंस बघ," नाना मनापासून म्हणाले. "उंची बी बराबर. गुडघा जरा बी दुखंना!"

सगळ्या कामात तेवढ्या एकाच लाकडाला मी हत्यार लावलं नव्हतं.