क्षमेच्या वाक्यापाशी

फोन आला तेव्हा मी बीडला शाळेत वर्गावर होतो. मावसभाऊ एवढंच म्हणाला, "शांतवन मामावर छावणीत कोयता चालवला... मामा गेला. तू ये." 'गेला' हे ऐकूनही एसटीत बसल्यावर मी दवाखान्याचाच विचार करत होतो.

दुष्काळामुळे गावच्या दूध सोसायटीने जनावरांची चारा छावणी काढली होती आणि चारा वाटायचं काम मामाकडे होतं. गावात आमची ख्रिस्ती घरं मोजकीच. मामाला ना भावकी, ना गट. तो कुणाची बाजू घेणार नाही, यावर सगळ्यांचं एकमत. मामा हसायचा, "येशूला बी दोन चोरांच्या मधी टांगलतं. माझं काय येगळं हाय?"

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्याच्यामुळे. वडील मला ऊसतोडीला नेणार होते, तेव्हा मामा आडवा आला. "त्याला न्यायचं तर मलाबी न्या. माझं काम बघून मुकादमच पळून जाईल." वडील हसले, मी शाळेत राहिलो. पदवीचा निकाल लागला त्या दिवशी म्हणाला, "काय बे, आता आमाला सलाम करशील का न्हाई?" आमच्यात भेटल्यावर सलाम म्हणतात. मी तोंड उघडायच्या आत त्यानेच केला.

मामा गेला त्या दिवशी छावणीत चारा कमी आला होता. ज्याची काही जनावरं डोळ्यांदेखत मेली होती असा गावातलाच एक तरुण पाळी सोडून पेंढी ओढू लागला. मामा म्हणाला, "थांब बाळा, आधी म्हातारीची पाळी हाय." एवढंच, आणि त्याने कोयता चालवला... छावणीभर माणसं उभी होती. भाकरी घेऊन आलेली मामीही. पोलिसांपुढे त्या तरुणाचं नाव घेतलं ते तिने एकटीने. बाकी सगळ्यांची म्हणे तिकडे पाठ होती.

दफनाच्या वेळी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मंडळीच्या वतीने जाहीर केलं, की आम्ही मारणाऱ्याला क्षमा केली आहे. गाव पेटेल ही त्यांची भीती खरी होती. पेपरात कौतुक छापून आलं. मामीला मात्र कुणी विचारलंच नव्हतं. घरी येणारा जो तो तिच्या मोठ्या मनाबद्दल बोलायचा आणि ती भिंतीकडे बघत बसायची. मग त्या तरुणाचे चुलते आले. "वैनी, माफ केलंच हाय तर कोर्टात साक्ष कावून देता?"

"ज्यानं माफ केलं त्याला इचारा. मी बघितलंय ते मी सांगणार."

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब समजवायला आले. म्हणाले, "बाई, प्रभूची आज्ञा आहे."

"प्रभूला काय सांगायचं ते माझं मी सांगते. तुमी मधी बोलू नका."

तेव्हापासून चर्चमध्ये तिच्या बाकावर कुणी बसत नाही.

मागच्या रविवारी मी बसलो. प्रभूची प्रार्थना सगळे मिळून म्हणत होते. अपराध्यांना क्षमा करण्याचं वाक्य आलं आणि मामी थांबली. मीही थांबलो. पुढच्या बाकावर आमच्याच मंडळीतले दोघे होते, छावणीत मामापासून हाताच्या अंतरावर उभे असलेले. त्यांनी ते वाक्य खणखणीत म्हटलं. मामी त्यांच्या पाठींकडे बघत राहिली. आणि वाइटापासून सोडवण्याची पुढची विनंती मात्र तिने सगळ्यांच्या आधी, एकटीनेच म्हटली... इतक्या मोठ्याने, की मंडळी गप्प झाली.