दसऱ्याची डिस्क

संशयाचे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. ऑफिसातलं एक मशीन बंद पडू द्या, आपोआप साठतात!

साकीनाक्याला आमची डेंटल लॅब आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे स्कॅन पाठवतात, त्यावरून आम्ही कॅप आणि कवळ्या बनवतो. मार्चमध्ये एका सकाळी सर्व्हर गेला. सगळे स्कॅन, सगळ्या ऑर्डरी त्याच्यासोबत.

मालक देसाई साहेबांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या मंदाला बोलावलं. "बॅकअप होत होता ना?"

"रोज हिरवी टिक यायची, साहेब."

"उघडून बघितलास कधी?"

आमचा सिरॅमिकवाला सावंत मध्येच म्हणाला, "मी पण रोज कुलूप लावतंय. चोर आतच आसा काय, ता कोण बघता?"

"तू गप रे!" साहेब त्याच्यावर ओरडले.

"उद्यापर्यंत सर्व्हर उठला नाही, तर परवापासून येऊ नकोस," मग ते मंदाला म्हणाले.

*

बॅकअप म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत, इमेज. कपाटातल्या डिस्कवर अशा तीन होत्या. नव्या मशीनवर चढवताना तिन्ही अर्ध्यात अडकल्या.

साहेबांना वेगळाच वास आला. "कोणीतरी मुद्दाम केलंय! स्कॅन बाहेर विकले असणार." त्यांनी आमच्या डब्याच्या पिशव्या तपासल्या. सावंतच्या पिशवीत चक्क कवळी निघाली. सगळे थिजलो.

"माझीच आसा ती, साहेब! आपल्याच लॅबची. जेवताना काढूक लागता!"

*

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. मागच्या दसऱ्याला साहेबांनी बॅकअपची एक डिस्कही पाटावर मांडली होती. मग चोरीच्या भीतीने स्वतःच कांदिवलीला घरी नेली आणि विसरले. ती आता आणली. केबल लावायच्या खाचेत गच्च कुंकू!

मंदाने दातांना पोर्सलिन लावायचा बारीक ब्रश घेतला आणि कण कण काढला. "साहेब, हे कोणी केलं?"

त्या दिवशी साहेबांनी पहिल्यांदाच कोणावर संशय घेतला नाही.

*

इमेज नव्या मशीनवर चढायला लागली. नव्वद टक्क्यांवर अडकली. सावंतने नारळ काढला.

मंदा ओरडली, "पूजा नको! आता अजिबात पूजा नको!"

*

तासाभराने इमेज पुढे सरकली आणि सर्व्हर उठला, पण दसऱ्याच्या दिवशी होता तसा. नंतरचे स्कॅन डॉक्टरांनी पुन्हा पाठवले. दसऱ्याला बाकी असलेल्या ऑर्डरींची यादी मात्र साहेबांना पटेना.

"ही तरी खरी कशावरून?" ते मंदाला म्हणाले. " एकेकाला फोन लाव. ऑर्डर होती का आणि काम झालं की राहिलं, विचार. यादी खोटी निघाली तर तू आहेस आणि मी आहे."

दाताचा रंग जुळवायला आम्ही पेशंटना बोलावतो, म्हणून नंबर होते. मंदा माझ्याकडे पाठ करून एकेक लावत होती. एक जण म्हणाला, "मॅडम, तो दात बसवून पडलासुद्धा!"

मग माझ्या खिशातला फोन वाजला. लॅबचाच नंबर. मी उचलला.

"नमस्कार, डेंटल लॅबमधून बोलतेय. सुनंदा..." मंदा तिथेच थांबली.

सुनंदा माझी बायको. तिच्या कॅपची ऑर्डर मीच टाकली होती, नंबरही माझाच. दसऱ्यानंतर आठवड्याभरात ती गेली.

मंदा वळली नाही. फोनमध्येच हळू म्हणाली, "काय लिहू, दादा?"

"राहिलं, असं लिही."

केबिनमधून साहेबांनी विचारलं, "काय गं, यादी खरी आहे ना?"

"खरी आहे, साहेब."